टाकीचं झाकण, लाल बटण आणि २००३ ची पॅलिओ जीटीएक्स : एक प्रकरण

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या गाडीचं आहे आणि त्यात माझाही हात आहे, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थानं. माणसांची आणि गॅरेजची नावं दिलेली नाहीत. मित्राला ‘मालक’ म्हणतो, कारण मिस्त्री त्याला तसंच हाक मारायचे.

पार्श्वभूमी

मालक साताऱ्यात बँकेत आहेत, वय चाळिशीच्या पुढे. कॉलेजात असताना त्यांनी फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स पहिल्यांदा पाहिली आणि तेव्हापासून ती डोक्यात बसली. ज्यांना ती गाडी आठवत नाही त्यांच्यासाठी: २००१ मध्ये पॅलिओ आली, जाहिरातीत सचिन होता, आणि तिच्या १.६ मॉडेलमध्ये १,५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती. त्या काळी लहान गाडी म्हणजे झेन, सँट्रो, पाठोपाठ इंडिका. पुढे २००५ मध्ये स्विफ्ट आली तीसुद्धा ८७ अश्वशक्तीची. त्यामुळे हौशी पोरांत जीटीएक्सचा वट होता. पेट्रोल मात्र अशी प्यायची, की घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती कधी घेऊ दिली नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर गोडोलीतल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात अशी एक गाडी उभी असल्याचं कळलं. २००३ ची, एमएच-११ पासिंग, ७१ हजार किलोमीटर चाललेली, आणि २०१४ पासून जवळपास हललेलीच नाही. डॉक्टरांनी २०१८ मध्ये पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं होतं, म्हणजे कागद २०२३ पर्यंत जिवंत. मध्यस्थानं ‘एस-१० आहे, सचिनची सही असलेली’ असंही ठोकून दिलं. ती नव्हती, साधी जीटीएक्स होती. व्यवहार ६५ हजारांत झाला.

घेताना मीही गेलो होतो. बॅटरी जोडली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (वार्निशसारखा वास येत होता), नवीन घातलं, आणि चौथ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं. आवाज गोड होता. स्टिअरिंगच्या खाली ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं तसलं एक लाल बटण होतं. डॉक्टर म्हणाले, “रेडिएटरच्या फॅनचं आहे ते. घाटात चालू करायचं.” आम्ही हसलो आणि पुढे गेलो. ते बटण नीट लक्षात ठेवा.

पहिलं वर्ष : पैसा कुठे गेला

पहिल्या आठ-दहा महिन्यांत मालकांनी १ लाख १२ हजार घातले. त्यातले ४८ हजार डेंटिंग-पेंटिंगला, ४६ हजार एक इंच मोठ्या अलॉय व्हील्स आणि टायरना, १४ हजार म्युझिक सिस्टीमला, आणि चार हजारांची सीट कव्हरं. जुने टायर बदलणं बरोबरच होतं. त्यांच्या कडेवर ‘३१११’ असा शिक्का होता, म्हणजे २०११ च्या एकतिसाव्या आठवड्यातले. नक्षी अख्खी शिल्लक होती, पण रबर नखानं टोचलं तर लाकडासारखं लागायचं. मोठी रिम घेणं हा मात्र हौसेचा भाग. मागे तिघं बसले की टायर आर्चला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला, घासायचा.

इंजिनावर या वर्षात ऑइल, फिल्टर आणि प्लग यापलीकडे काही झालं नाही. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा) डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे २०११ मध्ये बदललेला होता. मी दोनदा सुचवलं. उत्तर आलं, “सात-आठ हजारच चाललीय की त्यानंतर.” बेल्ट किलोमीटर मोजतो तसा वर्षंही मोजतो, आणि सोळा व्हॉल्व्हच्या या इंजिनात तो तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. हे मी त्यांना सांगितलं, पण जोर लावून नाही. आवाज गोड होता ना.

मायलेज लिटरला सात. मालक म्हणायचे, जीटीएक्सच ती, पिणारच. ही खरं तर पहिली खूण होती. इंजिन लवकर गरमच होत नव्हतं. थंडीत सकाळी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गेलं तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे. कुणीतरी पूर्वी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता. ‘गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा’ हा आपल्याकडचा जुना उपाय. त्यानं तापणं थांबत नाही. इंजिन बराच वेळ थंड राहतं, कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

घाटातला रविवार

२०२२ चा सप्टेंबर. कासची फुलं, रविवार, पुण्याहून आलेले पाहुणे. मेहुण्यांनाही कॉलेजपासून याच गाडीची हौस, म्हणून मालकांनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मुलांबरोबर मागे बसले. म्हणजे लाल बटण ज्याला माहीत, तो मागच्या सीटवर आणि हातात वेफरची पुडी.

समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा चढ सुरू होतो. सप्टेंबरातल्या रविवारी तिथं गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकते. पहिला-दुसरा गिअर, एसी चालू, वारा नाही. काटा चढला. मेहुणे नव्या गाडीवाले, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तोपर्यंत काटा लालच्या जवळ होता, आणि ते काही बोलणार तोच तो आपसूक खाली आला. “थंड झाली बघा,” असं म्हणून त्यांनी गाडी अजून दीड-दोन किलोमीटर रेटली.

इथं थांबून समजून घ्यायला हवं. तापमान दाखवणारा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. पाणी निघून गेलं की तो नुसत्या वाफेत लटकतो आणि काटा खाली येतो. वर्गात मी हे दर वर्षी सांगतो, पण ज्यांना सांगायला हवं ते वर्गात नसतात.

यवतेश्वराच्या पुढे इंजिननं दम सोडला. बॉनेट उघडलं तर वाफ, आणि कूलंटची टाकी कोरडी. बघ्यांपैकी एक जण पाण्याची बाटली घेऊन धावला. तेवढ्यात मालकांनी एक गोष्ट बरोबर केली: त्याला अडवलं. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं असतं तर तडाच गेला असता. पाऊण तासानं पाणी घातलं तर गाडी सुरू झाली, पण तीन पायांची बैलगाडी चालावी तशी हलत होती. टोइंगचे साडेतीन हजार देऊन ती खाली ओढून आणली.

नेमकं काय बिघडलं होतं

गाडी एमआयडीसीजवळच्या एका जुन्या गॅरेजात गेली. मिस्त्री साठीचे, पूर्वी फियाटच्याच गाड्या केलेले. मालक हेड-हेड करत होते. मिस्त्री म्हणाले, “इंजिन काय म्हणतंय ते नंतर. आधी टाकीचं झाकण आणा हिकडं.”

झाकण टेस्टर पंपाला लावलं. साधारण एक बार दाब धरायला हवा, त्यानं तीन दशांशालाच फुस केलं.

आता हे झाकण साताऱ्यात जास्त महत्त्वाचं का, ते बघा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण एक अंशानं उतरतो. कासचं पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे, म्हणजे तिथं उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन ९० च्या घरात चालतं, चढावर थोडं वर जातं. झाकणानं एक बार दाब धरला तर उकळबिंदू १२० च्या जवळ जातो आणि काळजी राहत नाही. दाब धरला नाही तर घाटमाथ्यावर गाडीला जेमतेम चार-सहा अंशांची उसंत उरते. त्यात आमच्या मालकांनी टाकीत साधं नळाचं पाणी घातलं होतं, वर हिरवा रंग दिसावा इतपत कूलंट.

झाकणाशिवाय आणखी तीन गोष्टी सापडल्या. इंजिनाच्या मागून जाणारा कूलंटचा लोखंडी पाइप आतून कुजला होता आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. पंख्याच्या कमी वेगाचा रेझिस्टर कधीचाच जळलेला. आणि त्यावर तोडगा म्हणून कुणीतरी पंखा ‘डायरेक्ट’ करून लाल बटणावर दिला होता, म्हणजे पंखा लावायचं काम गाडीकडून काढून माणसाच्या आठवणीवर टाकलं होतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. पहिल्या दोन सिलिंडरना १७० आणि १६८ पीएसआय, तिसऱ्याला ९५, चौथ्याला ९२. तिसऱ्या-चौथ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं. ९८ आणि ९६. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं आकडा चांगलाच उडी मारतो. इथं हलला नाही, आणि दोन शेजारचे सिलिंडर सारखेच बसलेले. हेडच्या खालचं पातळ पॅकिंग, म्हणजे हेड गॅसकेट, त्या दोघांच्या मधे उडालेलं होतं.

समोरचे पर्याय

मालकांच्या ओसरीवर चहा घेत आम्ही चार वाटा मांडल्या. घरातल्या वहिनींचा एकच प्रश्न होता: “पाच वर्षांनी परत हेच होणार का?” सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता.

पहिली वाट, भंगारात द्यायची. पंचवीस-तीस हजार आले असते. पावणेदोन लाख गेलेले बघता ही वाट मालकांनी ऐकूनही घेतली नाही. मला मात्र वाटतं, गेलेला पैसा हिशेबात धरायलाच नको होता. ‘आजपासून पुढे किती’ एवढंच बघायचं. तसं बघितलं असतं तरी उत्तर बहुधा तेच आलं असतं, पण ते हट्टातून आलं नसतं.

दुसरी, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणून बसवायचं. गंमत अशी की पॅलिओ सुरुवातीला कुर्ल्यातच बनत होती आणि आता तिची हाडंही कुर्ल्यातच मिळतात. भाव २८ हजार. पण आतून ते कसं आहे ते कोण सांगणार, आणि इंजिन नंबर बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. आठ महिन्यांवर नूतनीकरण आलेलं असताना हे लचांड नको, असं माझं मत पडलं.

तिसरी, इंजिन पूर्ण खोलून रिंगा-बेअरिंग सकट नवं करायचं. खर्च लाखाच्या पुढे. कॉम्प्रेशनचे आकडे बघता खालचा भाग उघडायचं कारणच नव्हतं. हौशी माणसाला ‘आता उघडलंच आहे तर’ हा आजार असतो. मिस्त्रींनी तो वेळीच रोखला.

चौथी, फक्त हेड उतरवायचं, पण कूलिंग मुळापासून नवं करायचं. हीच धरली, एका अटीवर: हेड उतरल्यावर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे दिसले तर काम थांबवून पुन्हा बसायचं.

काय केलं

हेड उतरलं. बोअरवर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे पुढे जायला हरकत नव्हती. हेडवर सरळपट्टी ठेवून मधे फीलर गेज सरकवला तर ०.१५ मिलिमीटरचं पान आत गेलं. हेड वाकलं होतं, पण फेसिंग करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, वाचण्याइतपतच. तडा आहे का, ते दाबाखाली पाण्यात बुडवून तपासलं. नव्हता.

खरा उशीर झाला तो सुट्या भागांना. फियाटनं २०१९ मध्ये भारतातली विक्री बंद केली, त्यामुळे ‘पॅलिओ १.६’ असं विचारलं की समोरून नकारच. मिस्त्रींनी वाट दाखवली: हेच इंजिन फियाटच्याच सिएना १.६, पेट्रा १.६ आणि ॲडव्हेंचरमध्येही होतं, त्या नावांनी विचारा. गॅसकेट सेट सिएनाच्या नावानं मिळाला. टायमिंग बेल्ट ऑनलाइन मागवला तर विक्रेत्यानं १.२ चा पाठवला. दिसायला अगदी सारखा. मिस्त्रींनी दोन्ही बेल्ट जमिनीवर ठेवून दर दहाव्या दाताला खडूनं खूण केली आणि मोजून दाखवलं, नवा कमी दातांचा. ते मोजलं नसतं तर पहिल्याच सेल्फला तमाशा झाला असता.

मग हेड बोल्टवरून वाद. मिस्त्रींचं म्हणणं, जुने चांगले आहेत, लावून टाकू. मी नवेच हवेत यावर अडलो, कारण हे बोल्ट ठरलेल्या कोनात पिळताना ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढीच पकड देईल याची खात्री नसते. नवे यायला एकोणीस दिवस लागले. मिस्त्री तेवढे दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

बेल्ट जुळवताना कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पकडायचं हत्यार हाताशी नव्हतं. मिस्त्रींनी जुना बेल्ट काढण्याआधी तिन्ही पुल्यांवर मालकांच्या मुलीच्या नेलपॉलिशनं खुणा करून ठेवल्या होत्या. मी तरीही हत्यार पुण्याहून भाड्यानं आणायला लावलं आणि खुणा ताडून बघितल्या. त्यांच्या खुणा केसभरही चुकलेल्या नव्हत्या. हे मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं.

कुजलेल्या पाइपावरून मालक अडले. त्यांना कंपनीचाच पाहिजे होता. महिनाभर मिळाला नाही. शेवटी रेडिएटरवाल्यानं स्टीलचा पाइप वाकवून, टोकांना कड काढून दिला. दिसायला मूळ नाही, पण गंजणारही नाही, आणि तो आहे कुठे तर इंजिनाच्या मागे, जिथं बघायला फक्त मिस्त्रीच जाणार. झाकण नवं, थर्मोस्टॅट परत जागेवर, पंख्याचा रेझिस्टर आणि रिले नवे, होजपाइप सगळे नवे, आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मे-निम्मे. लाल बटण मालकांनी स्वतः उपसून काढलं. त्या जागेचं भोक अजून तसंच आहे.

सगळं मिळून या फेरीत ६७,६०० रुपये लागले. त्यात टोइंगचे साडेतीन हजार, मजुरी १५ हजार आणि अख्ख्या कूलिंगचे १४,६००. म्हणजे पहिल्या वर्षीच्या म्युझिक सिस्टीमच्या जवळपासच.

निकाल

२०२३ च्या मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून पसरणीचा घाट चढवला. पाचगणीपर्यंत काटा मधोमध, पंखा दोनदा आपसूक लागला आणि बंद झाला. मालक गाडी चालवताना रस्ता कमी आणि काटा जास्त बघत होते, म्हणून परत येताना मी चालवली. चार हजार आरपीएमच्या पुढे ते इंजिन जे ओढतं, त्यासाठी माणूस सात किलोमीटरचं मायलेज का सोसतो ते कळलं. मायलेजही आता साडेदहा पडतं. थर्मोस्टॅटची कृपा.

नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पीयूसी, विमा आणि पर्यावरण कर भरून गाडी तपासणीला नेली. २०२२ च्या एप्रिलपासून खाजगी गाडीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५ हजार झालं होतं, ते मालकांनी आधीच बाजूला काढलं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी मोठी रिम उतरवून मूळ चाकं लावली, आणि नंतर ती तशीच राहू दिली. आर्चचं घासणं गेलं. नवी नोंदणी २०२८ पर्यंत आहे.

पण प्रकरण इथं संपलं नाही. २०२४ च्या जूनमध्ये पुढच्या उजव्या शॉकॲब्सॉर्बरचा कटकट आवाज येऊ लागला. टॉवरवरचं, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर जिथं बॉडीला बसतो त्या पत्र्यावरचं, काळं कोटिंग खरवडलं तर खालून पत्र्याचा पापड निघाला. पेंटरनं गंज न काढताच वरून लांबी (पुट्टी) आणि डांबरी कोटिंग फासलं होतं. ओल आत कोंडली गेली आणि साताऱ्याच्या दोन पावसाळ्यांनी उरलेलं केलं. टॉवर कापून नवा पत्रा वेल्ड करायला २२ हजार, आणि तेवढ्या भागाचा नवाकोरा रंगही गेला.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णय गाडी घेतली त्या दिवशीचा होता, आणि तो माझा होता. कंपनीनं न दिलेलं बटण गाडीत दिसलं, तर ते कुणी आणि कशासाठी लावलं हे सोडवल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. मी हसलो.

दुसरा, पैशाचा क्रम. उभी राहिलेली गाडी घेतली की रबर, पाणी, ब्रेकचं ऑइल आणि बेल्ट आधी. मग पत्रा खालून वर. रंग सगळ्यात शेवटी. मालकांनी बरोब्बर उलटं केलं. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणतो की रंगीत गाडी दारात उभी होती म्हणूनच घरच्यांनी दुसऱ्या फेरीचे पैसे मंजूर केले. कळकट गाडीला वहिनींनी ६७ हजार दिले असते, असं मला वाटत नाही.

तिसरा, चालवायला देण्याचा. जुन्या गाडीच्या खोडी मालकाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. दुसऱ्याला किल्ली देताना त्या सांगाव्या लागतात, नाहीतर शेजारच्या सीटवर तरी बसावं लागतं. आता डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘काटा वर गेला तर थांबा. एकदम खाली आला तर लगेच थांबा.’

बोल्टच्या एकोणीस दिवसांबद्दल मी अजूनही ठाम आहे. पुण्याहून हत्यार आणण्याबद्दल तितका नाही.

आता गाडी दर रविवारी पंचवीस-तीस किलोमीटर फिरते, म्हणजे इंजिन पुरतं गरम होतं आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओल धरतं, जुनं रबर फुगवतं. पेट्रोलचे होज आम्ही बदलले आहेत, टाकीतला पंप अजून जुनाच आहे. ती पुढची पाळी.

आणि ते कुर्ल्याचं २८ हजारांचं इंजिन? मी नको म्हटलं होतं. मालकांनी मागच्या वर्षी मला न सांगता एक आणलं, घासाघीस करून २१ हजारांत, स्पेअरसाठी. ते जिन्याखाली गोणपाटात आहे. वहिनी त्यावर कांदे वाळत घालतात.